फॅटी लिव्हर आहे, म्हणून कणगी सोडायची?

थंडीत कुडाळच्या बाजारात कणगी, करांदे असे कंद दिसायला लागले की माझ्याकडे हा प्रश्न ठरलेला: "लिव्हरवर चरबी आलीय, आता कंदमुळं बंद ना?"

यंदा तो घेऊन आले एसटीतून निवृत्त झालेले एक काका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सोनोग्राफीत ग्रेड १, म्हणजे सौम्य फॅटी लिव्हर, वजन ८२ किलो, दारूला स्पर्श नाही. काकूंनी सुरण, रताळी, अळकुड्या सगळंच बंद केलेलं. "रताळा नुसता हातात घेतला तरी ही ओरडता," काका म्हणाले.

मी दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी गोड चहा आणि बटर, दोन्ही वेळा ताटभर भात, संध्याकाळी फरसाण. सोमवारी उपास, म्हणजे साबुदाण्याची खिचडी. साबुदाणाही कंदाचाच, टॅपिओकाचा, आणि त्यात चोथा काढून टाकून उरलेला नुसता स्टार्च, हे सांगितल्यावर काकू जरा गप्प झाल्या.

गरजेपेक्षा जास्त साखर आणि स्टार्च पोटात गेला की यकृत त्याची चरबी करतं. मग तो भातातून आला की कंदातून, यकृताला फरक पडत नाही. शंभर ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात साधारण २० ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच शिजलेल्या भातात २८. शिवाय रताळ्यात तंतू जास्त. म्हणून कंद खा, पण भाताच्या जागी. भाताच्या जोडीला नको. उकडून किंवा भाजून, तळलेले काप नकोत. सोबत माशाचं कालवण, नाहीतर उसळ. चहातली साखर आणि फरसाण मात्र खरंच सुटायला हवं. वजन ७ ते १० टक्के उतरलं की यकृतातली चरबी आणि सूज बऱ्यापैकी कमी होते. काकांच्या बाबतीत म्हणजे सहा ते आठ किलो, सावकाश.

उठता उठता काकूंनी विचारलं, शेजारीण कडू करांद्याचा रस द्यायला सांगते, लिव्हर साफ होतं म्हणे. इथे मी आवाज चढवला. घरी लावलेले करांदे नीट उकडून खाणं वेगळं. पण याच जातीचा कंद औषध म्हणून घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी चीनमध्ये आहेत. रानातला कडू करांदा, त्याचा रस, चूर्ण, काहीही नको. कुणी घेतलंच असेल आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.