'लेट' म्हणजे अडथळा

प्रिय अनुवादिके,

मसुदा वाचला. भाडेपट्ट्यातल्या 'विदाउट एनी लेट ऑर हिंडरन्स'चं तू 'भाड्याने न देता व अडथळा न करता' असं केलंस आणि समासात पेन्सिलीने लिहिलंस: 'वाक्य जुळत नाही, पण शब्द बरोबर आहेत.' अगं, वाक्य जुळत नाही तेव्हा शब्द बरोबर असूच शकत नाहीत. 'हिंडरन्स' तू कोशात पाहिलास, त्याच्या शेजारचा 'लेट' पाहिला नाहीस. तो ओळखीचा वाटला ना? मग आधी त्याच्यावरच संशय घ्यायचा.

या 'लेट'चा भाड्याशी संबंध नाही, परवानगीशीही नाही. तो नाम आहे आणि त्याचा अर्थ अडथळा, अटकाव. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एकाचा अर्थ सोडणं, जाऊ देणं. दुसऱ्याचा अडवणं, उशीर करायला लावणं. कालांतराने दोघांचे प्रत्यय झिजले आणि उच्चार एकच झाला. एकाच ध्वनीला 'जाऊ दे' आणि 'अडव' असे उलटे अर्थ चिकटले, तर भाषा फार काळ ते सोसत नाही. अडवणारा 'लेट' हरला आणि ठरीव शब्दप्रयोगांपुरता उरला. गंमत अशी की 'गाडी लेट आहे' मधला लेट या हरलेल्या भावाच्याच कुळातला. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो आपण, आणि इथे ते चुकून बरोबरही आहे.

दोघं समोरासमोर पाहायचे असतील तर 1611 च्या इंग्रजी बायबलमधला निर्गमचा पाचवा अध्याय काढ. पहिल्या ओवीत 'लेट माय पीपल गो', माझ्या लोकांना जाऊ दे. चौथ्या ओवीत मिसरचा राजा फारो मोशे आणि अहरोनला विचारतो, 'व्हेअरफोर डू यी... लेट द पीपल फ्रॉम देअर वर्क्स?' म्हणजे लोकांना कामापासून का अडवता? दोन्ही 'लेट'मध्ये जेमतेम तीन ओव्यांचं अंतर, आणि अर्थ उलटे. फरक कशावरून ओळखायचा? पुढे काय येतं त्यावरून. 'जाऊ दे'वाल्या लेटला कर्मानंतर दुसरं क्रियापद लागतं: पीपल गो. अडवणाऱ्याला लागत नाही. त्याच्यानंतर नुसतं कर्म येतं, किंवा कर्म आणि 'फ्रॉम'. हॅम्लेट पहिल्या अंकात म्हणतो, 'आय'ल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी.' 'मी'नंतर वाक्य संपलं. मला जो अडवेल त्याचं भूत करीन. इथे कुणी 'जो मला परवानगी देईल' असं केलं, तर हॅम्लेट उपकार करणाऱ्यालाच मारायला निघतो.

आता तुझं कलम. 'विदाउट एनी'च्या मागोमाग लेट आला की तो नामच, आणि अर्थ अडथळाच. त्याच दस्तात वर 'लेट टु द लेसी' आहे, लेसी म्हणजे भाडेपट्टेदार. तिथला 'लेट' क्रियापद, म्हणजे भाड्याने देणं. दोन्ही एका कागदावर असतात म्हणूनच घोळ होतो. आणि घोळ साधा नाही. मालक लिहून देतो की भाडेपट्टेदाराला माझ्याकडून हरकत-अडथळा न होता जागा शांतपणे उपभोगता येईल. हे भाडेपट्टेदाराचं संरक्षण आहे. तुझ्या 'भाड्याने न देता'मुळे तेच कलम त्याने पोटभाडेकरू ठेवू नये अशी बंदी होऊन बसलं. ज्याच्या बाजूचं कलम, त्याच्याच गळ्यात.

शंका असेल तेव्हा ही चाचणी कर: 'लेट'च्या जागी 'परवानगी', 'भाडं' आणि 'अडथळा' हे तिन्ही शब्द आळीपाळीने ठेवून वाक्य मोठ्याने वाच. तुझ्या पासपोर्टवर करून बघ. राष्ट्रपतींच्या नावाने केलेल्या विनंतीत हेच 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' आहे. 'विनापरवानगी जाऊ द्यावे'? कोणता देश असं लिहील? उत्तर त्याच पानावर हिंदीत छापलंय: बिना रोक-टोक.

'लेट' आणि 'हिंडरन्स' जवळजवळ समानार्थी, मग एकच का ठेवू नये, असं तू विचारशील. ठेवू नकोस. इंग्रजी दस्तांना जोडशब्दांची सवय आहे आणि आपल्याही. 'हरकत व अडथळा' असं दोन्ही लिही. एक गाळलास तर वकील विचारणारच की काय वगळलं. खेळाचं वार्तांकन आलं तर मात्र 'लेट' तसाच ठेव. स्क्वॉशमध्ये प्रतिस्पर्धी वाटेत आला म्हणून खेळाडू 'लेट' मागतो, तोही हाच अडथळा, पण तिथे भाषांतर केलंस तर खेळणारे हसतील.

मला लोक हट्टी म्हणतात, सोप्या शब्दांसाठी कोश उघडायला लावतो म्हणून. म्हणोत. शब्दामागे पैसे मिळणाऱ्या कामात कोश उघडायला वेळ नसतो, हे मला कळतं. पण अवघड शब्द स्वतःच ओरडून सांगतो की मला शोध. सोपा शब्द गप्प बसतो आणि नडतो. शेक्सपिअरचा 'प्रेझेंटली' बहुधा 'ताबडतोब' असतो. त्याच 1611 च्या बायबलात 'प्रिव्हेंट' म्हणजे आधी जाणं, पुढे होणं. यातला एकही शब्द तू कोशात पाहिला नसतास, खरं ना? पाहायचा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात दोन्ही 'लेट'च्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. पहिल्या नोंदीवर थांबायचं नाही, आणि खालची अवतरणं सालासकट वाचायची. जुनं इंग्रजी सलग वाचायला मला पुरेसा वेळ काढता आला नाही, ती हळहळ आहेच. तुझ्याकडे वेळ आहे.

कलम दुरुस्त करून सोमवारपर्यंत पाठव. आणि तिसऱ्या पानावर 'डिमाइज्ड प्रिमायसेस'ची तू 'मयताची जागा' केली आहेस, तीही बदल. ती फक्त भाडेपट्ट्याने दिलेली जागा आहे. तिथे कुणी वारलेलं नाही.