आधी मुदत, मग औषध

चि. पोरी,

तुझा निरोप दोनदा ऐकला. कुत्र्याच्या पिल्लाला लस टोचावी की नको, मूत्रपिंड बसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा काढा चालू ठेवावा की सलाईन, आणि सगळ्यात शेवटी दबक्या आवाजात, "काका, त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं पाप आहे का?" तुला हे तीन प्रश्न वाटतात. मला एकच दिसतो. तू कशालाच मुदत घातलेली नाहीस. "बघू", "थांबू थोडं", "आई म्हणते तर देऊन बघू". जनावराच्या दुखण्यात 'बघू' म्हणणाऱ्यांना पुढे काय बघावं लागतं, ते मी दवाखान्यात उभ्या जन्मात पाहिलंय.

माया किती आहे ते सांगू नकोस. रात्री उठून त्याचे श्वास मोजतेस म्हणालीस, तेवढ्यात कळलं.

आधी पिल्लू, कारण तिथं वेळ कमी आहे. आठ आठवड्यांचं पोर, आणि तू विचारतेस की नैसर्गिक प्रतिकारशक्ती वाढू द्यावी का. कुठून वाढणार? आईच्या चिकातून मिळालेली ताकद हळूहळू ओसरते. ती अंगात असेपर्यंत लसीला काम करू देत नाही, आणि ओसरली की पार्व्होला, त्या जीवघेण्या हगवणीच्या विषाणूला, दार उघडं. कुठल्या पिल्लात ती कधी संपेल, हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा डोस १६ आठवडे भरल्यावर. "एक टोचलीय, बास झालं" म्हणणारी घरंच जास्त रडत आली माझ्याकडे. पार्व्होची हगवण एकदा हुंगली की तो वास विसरत नाही. रक्तमिश्रित, गोडसर कुजका. पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं आणि पाणी पीत नाही. हा विषाणू १९७८ च्या सुमाराला जगात पहिल्यांदा ओळखू आला. चपलेच्या तळव्यावरून घरात येतो, महिनोन्‌महिने टिकतो, फिनेलला दाद देत नाही. ब्लिचिंगच्या पाण्यानं मरतो.

आणि ते वस्तीवरच्या कुत्र्यांचं उदाहरण मला देऊ नकोस. "आमच्या मळ्यातली कुत्री लसीशिवाय धडधाकट आहेत." जगली ती दिसतात. त्याच वेताची बाकीची पिल्लं बांधाला पुरली, ती कोण मोजतंय?

तुझी एक शंका मात्र रास्त आहे: दरवर्षी एवढी इंजेक्शनं कशाला? पिल्लूपणीचे डोस आणि वर्षाचा बूस्टर नीट झाला असेल, तर मोठ्या कुत्र्याला पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस तीन वर्षांनी चालते, हे आता जगभरचे पशुवैद्य मानतात. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, मात्र दरवर्षीच. सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाशी ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडते तेव्हा काय होतं, हे २००५, २०१९ आणि २०२१ ला बघितलंस ना? उंदरांचं मूत त्याच पाण्यात, आणि कुत्री त्याच चिखलात. रेबीजच्या बाबतीत तर माझ्याशी हुज्जतच घालू नकोस. लक्षणं दिसल्यावर त्यातून माणूस वाचत नाही, कुत्रंही नाही. लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका पोराला चावलं होतं, जखमेत मिरची-चुना भरला होता त्याच्या. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचा तो काळ. आता दंडात घेतात, तरी लोकांची मिरची सुटत नाही. चावलं की साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि थेट दवाखाना गाठायचा.

आता काढा. हळदीच्या पेठेत जन्म काढला, हळदीला नावं ठेवणार नाही. वरवरच्या खरचटण्याला लाव. खरूज म्हणून आई कडुनिंबाच्या पाण्यानं धुते म्हणालीस, धू दे. पण आठ दिवस. नवव्या दिवशी खाज तशीच असेल तर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. पिल्लाच्या उलटी-जुलाबाला घरगुती उपायाची मुदत किती? शून्य. लगेच उचलायचं. गोचिडतापात पपईच्या पानांचा रस देतात. द्यायचा तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. माझं भांडण कधीच झाडपाल्याशी नव्हतं. मुदतीशिवाय दिलेल्या कुठल्याही औषधाशी आहे, माझ्या स्वतःच्या औषधांशीसुद्धा.

एक गोष्ट आजच्या आज बंद कर. आजी म्हाताऱ्याला "ताकदीला" रोज मूठभर बेदाणे देते, हे तू किती सहज सांगून गेलीस! तासगावचे असोत नाहीतर कुठले, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ले की बाधतात याचा नेम नाही. ज्याचं रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बसल्याची खूण, आधीच चढलंय त्याला बेदाणे! आजीवर ओरडू नकोस, डबा उचलून वरच्या फळीवर ठेव. कांदा-लसूण तसंच, रक्त नासवतात. घरातली अंगदुखीची गोळी तर अजिबात नको, मूत्रपिंड आणखी बसेल.

म्हाताऱ्याकडे येतो. तुला ऐकायचं नाहीये, तरी ऐक. या वयात गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. कातडीखाली सलाईन, मळमळीचं औषध, तोंडातल्या फोडांवर इलाज, यानं बरे दिवस मिळतात. मिळवावेत. पण कुठपर्यंत, हे आज ठरव, तो शेपटी हलवतोय तोवर. तो पडून राहील त्या रात्री तुला काहीच ठरवता येणार नाही.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री खूण कर. त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी लिही. तू सांगितलेल्या मला आठवतात: दूधवाल्यावर भुंकणं, भाकरीचा शेवटचा तुकडा, गच्चीचा जिना. दिवसभरात दोन तरी झाल्या तर बरोबर, नाहीतर फुली. आठवड्यात फुल्या जास्त झाल्या की डॉक्टरला फोन. हा आकडा आईसमोर, भावासमोर ठरव, आणि त्यांच्या सह्या घे. हसू नकोस. ऐन वेळी "अजून दोन दिवस" म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं.

"नैसर्गिक मरण येऊ दे" असं आई म्हणते. झोपेत शांत गेला, असं फार थोड्यांच्या नशिबी असतं. मूत्रपिंडाचं मरण म्हणजे तोंडाला अमोनियाचा वास, रिकाम्या पोटी उमासे, कधी झटके. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग शिरेतून भुलीचा मोठा डोस. थोड्या वेळात हृदय थांबतं. डोळे उघडे राहतात, नंतर एखादा आचका येतो, लघवी सुटते. हे आधी माहीत असलं की माणूस घाबरत नाही. असह्य वेदनेतल्या जनावराला असं सोडवायला १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही जागा आहे. तू डोक्याशी बस. पुरायचं तर खोल पुर, औषध मढ्यात राहतं, उकरून खाणारं दुसरं जनावर मरतं.

पापाचं विचारलंस. माझा एक मित्र होता, जतकडचा, कारवान कुत्री पाळणारा. त्याच्या कुत्रीच्या जबड्यात गाठ होती. मुदत त्यानंच ठरवली होती: पाणी गिळेनासं झालं की. ते झालं, मी गेलो, केलं. चार दिवसांनी तो चारचौघांत म्हणाला, डॉक्टरनं घाई केली. पुढे त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच, आणि आता तो राहिलाही नाही. लग्नाकार्यात समोर यायचा, मान वळवायचा. मला त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं. पण त्या कुत्रीला आणखी एक रात्र तहानलेलं ठेवलं असतं तर दोस्ती टिकली असती, असा हिशोब मी मांडणार नाही. मला हट्टी म्हणाले, तारीखवाला म्हणाले, लसीचं कार्ड न आणणाऱ्याला दारातून परत पाठवतो म्हणून शिव्या घातल्या. घालू देत. कार्ड पुढच्या वेळी आणलंच ना?

बरं, चिडलो असेन थोडा. तू पहिल्यांदाच दोन टोकांची जनावरं एका वेळी सांभाळतेयस, एक उंबऱ्यात शिरतंय, एक निघालंय. सोपं नाही ते.

शनिवारी सकाळी ये, म्हाताऱ्याचे सगळे रिपोर्ट घेऊन, आणि कॅलेंडरचं पान फोटो काढून आण. आपण दोघं मिळून दवाखान्यात जाऊ, नवे डॉक्टर चांगले आहेत. पिल्लाला टोपलीत घालून आण. आणि तिथल्या फरशीवर उतरवू नकोस, ते कितीही किंचाळलं तरी.

तुझा,
डॉक्टरकाका