साडेसात महिन्यांच्या बाळाचं वरचं अन्न सुरू करूनही वजन वाढत नाही, कोणतं टॉनिक द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेसात महिन्यांची आहे, वजन ६.८ किलो, डाळीचं पाणी, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, उकडलेलं सफरचंद असं सगळं घेते, तरी महिनाभरात काटा हललेला नाही. आणि पुढे विचारलंय की टॉनिक कुठलं चांगलं.

कुठलंच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण या टॉनिकच्या बाटलीवरून आमच्याकडे जे झालं ते अजून माझ्या मनातून जात नाही.

मी अकोले तालुक्यात अंगणवाडीची मुख्यसेविका होते, आता निवृत्त आहे. सगळी नोकरी लेकरांची वजनं बघण्यात गेली. आढ्याला काटा टांगायचा, झोळीत पोर घालायचं, रडत असेल तर काटा थांबेपर्यंत वाट बघायची, आणि वजन लगेच बाळाच्या वाढीच्या कार्डावर टिंब करून मांडायचं. नुसतं वहीत लिहून ठेवलेलं वजन आईला काही सांगत नाही, टिंबाला टिंब जोडून रेघ झाली की सांगते. पूर्वी कुपोषणाच्या श्रेणी एक ते चार असायच्या, पुढे नवे तक्ते आले आणि हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कमी, केशरी म्हणजे फारच कमी असे पट्टे आले. हे सगळं ज्या बाईला तोंडपाठ, तिच्याच नातीची रेघ आडवी झाली.

लेकीचं सासर नाशिकला. उष्टावण थाटात झालं, चांदीच्या वाटीतली खीर, मामाच्या मांडीवर पोर, सगळं रीतसर. त्यानंतर दोनेक महिन्यांनी मी गेले. नातीला उचललं आणि हातालाच कळलं. कार्ड मागितलं. सहाव्या महिन्यात ६.९ किलो, आठव्यात ७. त्या दोन महिन्यांत साधारण सहाशे ग्रॅम तरी चढायला हवे होते.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, खाते तर किती! दिवसातून पाचदा वाटी भरून देते मी."

ते खरंच होतं. त्यांच्या मायेत आणि कष्टात काडीची कसूर नव्हती. पहाटे उठून त्या मुगाची डाळ शिजवायच्या, बारीक गाळणीतून गाळायच्या, चिमूटभर जिऱ्याची पूड घालायच्या. गाळून आलेलं पिवळं पाणी नातीच्या वाटीत आणि गाळणीत उरलेली डाळ आमच्या सगळ्यांच्या आमटीत. मी ओट्याशी उभी राहून हे बघितलं. ज्या डाळीत ताकद, ती आम्ही म्हातारी माणसं भाताबरोबर खात होतो आणि जिला वाढायचंय ती पाणी पीत होती.

मी तिच्या चमच्यात ते पाणी घेतलं आणि चमचा तिरपा केला. एक थेंब राहिला नाही. बाळाचं अन्न तिरप्या चमच्यावर थांबलं पाहिजे, हळूहळू घसरलं तर चालेल, पण ओघळून जाता कामा नये. हे मी गावोगाव आयांना चमचा हातात देऊन दाखवलेलं आहे. तेच विहीणबाईंना दाखवलं तर त्यांना ते लागलं. म्हणाल्या, "घट्ट दिलं तर घशात अडकेल. आमची तिन्ही पोरं डाळीच्या पाण्यावरच वाढली. आणि तुमचे ते तक्ते गोऱ्यांच्या पोरांवरून काढलेले, आपल्या लेकरांना कशाला लावता?"

हे गोऱ्यांच्या पोरांचं मी फार ठिकाणी ऐकलंय, म्हणून इथे लिहून ठेवते. आपल्या कार्डावर जे तक्ते आहेत ते जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढले. त्यासाठी सहा देशांतल्या बाळांची मापं घेतली होती: ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली बाळं दिल्लीची होती. निष्कर्षच असा निघाला की आईचं दूध आणि नीट खाणंपिणं मिळालं तर पहिल्या पाच वर्षांत सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात. तेव्हा "आपली मुलं बारीकच असतात" असं म्हणून कार्ड मिटून ठेवू नका.

आता पाण्याने वजन का अडतं ते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण दोनशे मिली मावतं, किलोमागे तीस मिली या हिशोबाने. तेवढ्या जागेत तुम्ही काय भरता एवढाच प्रश्न आहे. आईच्या शंभर मिली दुधात पासष्ट-सत्तर उष्मांक असतात. डाळीच्या गाळलेल्या पाण्यात त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे वाटीभर पाणी पाजलं, पोट टम्म झालं, पोरीने अंगावर प्यायला तोंड फिरवलं, की वरचं मिळालं नाहीच आणि दुधातून मिळत होतं तेही गेलं. नातीचं नेमकं हेच चाललं होतं. लेक मला म्हणाली होती की हल्ली अंगावर नीट पीत नाही, दूध कमी झालंय वाटतं. दूध कमी झालेलं नव्हतं, पोटात जागाच नव्हती.

मी खिमट केलं. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मुगाची डाळ धुऊन सावलीत वाळवली, मंद आचेवर खमंग भाजली, थोडं जिरं घातलं आणि रवाळ दळली. त्यातलं दोन-तीन चमचे पीठ थोड्या पाण्यात शिजवायचं, चमच्यावर थांबेल इतकं दाट करायचं, वरून चमचाभर साजूक तूप. चहाच्या चमचाभर तुपात पंचेचाळीस उष्मांक असतात. सहा ते आठ महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण दोनशे उष्मांक लागतात. दोन वेळा चमचा-चमचा तूप घातलं तर जवळपास निम्मं काम तिथेच झालं, तेही बाळाला एक घास जास्त न खायला लावता. मीठ नाही, साखर नाही. पहिल्या घासाला नात तोंड वाकडं करून बाहेर काढायला लागली तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "बघा, आवडत नाही तिला." नवीन चव बाळ जिभेने बाहेर ढकलतंच. दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. आठवडाभरात वाटी पुढे आली की हात मारायला लागली.

पाच वाट्या बंद करून तीन केल्या, मधल्या वेळी अंगावर. डाळ गाळायची बंद, घोटून सगळी तिच्याच वाटीत. नवव्या महिन्यात वजन ७.४ भरलं. रेघ वर वळली.

आणि त्यानंतर बाटली आली. जावईबापूंच्या ओळखीच्या औषधवाल्याने दिलेली, भूक वाढवणारी. नववा महिना सरल्यावर. वाढदिवसाला नात ८.३ किलो होती, गोल गालांची, आणि विहीणबाई आल्यागेल्या प्रत्येकीला सांगत होत्या, "टॉनिक लागू पडलं हो!" माझी लेक शेजारी उभी होती, ती काही बोलली नाही. मीही चारचौघांत बोलले नाही. पण कार्डावर तारखा आहेत. रेघ वळली तेव्हा बाटली घरात आलेलीही नव्हती. मला श्रेय नकोय. पण त्या मांडवात पाच-सहा लेकुरवाळ्या होत्या, त्यांनी घरी जाऊन काय केलं असेल? बाटलीचं नाव विचारलं असेल. खिमट कसं करायचं ते कुणीच विचारलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

भूक वाढवायची म्हणून जी औषधं देतात त्यातली काही मुळात ॲलर्जीची असतात. त्यांनी गुंगी येते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ती मनाने मुळीच द्यायची नाहीत. दुकानदार म्हणजे डॉक्टर नव्हे, मग तो कितीही ओळखीचा असो.

तुमच्या मुलीबद्दल बोलायचं तर ६.८ किलो हे साडेसात महिन्यांच्या मुलीला हिरव्या पट्ट्यातच येतं. या वयाच्या मुलींचं मधलं वजन पावणेआठ किलोच्या आसपास असतं, म्हणजे ती थोडी खाली आहे, कुपोषित नाही. पण जन्माचं आणि सहाव्या महिन्याचं वजन तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला खरं बघायचंय ते तेच. जन्मापासून याच रेघेच्या बाजूने चालत आली असेल तर तिची चण तशी आहे. वरच्या रेघेवरून खाली आली असेल तर वाटी बदला. एक महिना वजन स्थिर राहिलं तर सर्दी-ताप होऊन गेला असेल, किंवा काटाच वेगळा असेल. एकदा दवाखान्यात लंगोट-झबल्यासकट आणि एकदा अंगणवाडीत उघडी, असं केलं तर दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतातच.

तुमची यादी वाचली तर चारांतल्या दोन गोष्टी पाणीच आहेत, तिसरी बहुतेक पातळ असेल. नाचणी चांगलीच, पण मोड आणून वाळवून दळलेली घ्या. मोडाचं पीठ शिजवल्यावर फार घट्ट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालता येतं. सफरचंदाऐवजी केळं कुस्करा, रताळं उकडून तुपात कालवा. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट खिमटात शिजवा, अख्खा दाणा मात्र कधीच नाही. घरात अंडं चालत असेल तर पूर्ण शिजवलेलं अंडं आत्तापासून द्या, पिवळ्यासकट. सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा सरत आलेला असतो आणि तो भाताच्या पेजेने भरत नाही. अंडं, मासा, कलेजी, नाहीतर डाळ-पालेभाजी घोटून वर लिंबाचे दोन थेंब. नुसतं तूप ओतूनही भागत नाही, त्यात ना प्रथिनं ना लोह. चहात बुडवलेलं बिस्किट देत असाल तर आजच थांबवा. मध वर्षाच्या आत चाटवायचा नाही, आजी कितीही म्हणाली तरी. आणि मोबाइल दाखवून, तोंड दाबून भरवू नका. तोंड फिरवलं की वाटी बाजूला.

एक सांगायचं राहिलं. मी टॉनिकला नाही म्हणते, पण आशाताई किंवा नर्सबाई सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा जे लोहाचं औषध देतात, एका वेळी एक मिली, ते टॉनिक नव्हे. ते घ्या. आणि बाळ नऊ महिने पुरे व्हायच्या आधी जन्मलेलं असेल तर माझा वरचा सगळा हिशोब तसाच लावू नका, त्याचं वय वेगळं धरतात. अंगात खाज-चट्टे खूप असतील तर अंडं-दाणे डॉक्टरांना विचारून.

दूध पिताना घाम येत असेल, धाप लागत असेल, जुलाब-उलट्या थांबत नसतील, अंगावर सूज असेल, सारखा ताप येत असेल, किंवा वाटी दाट करूनही पुढच्या महिन्यात वजन हललं नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. लघवीतला संसर्ग, हृदयाचा दोष असली कारणं खिमटाने बरी होत नाहीत. जाताना कार्ड न्या, दिवसभरात काय-काय दिलं ते कागदावर लिहून न्या. बाटली आधीच आणून ठेवली असेल तर न उघडता तीही न्या आणि डॉक्टरांना तिच्यावरचं लेबल वाचायला सांगा.