ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, मग धाप का लागते?

वाचकांचे प्रश्न : शरीर आणि आरोग्य

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत. दुसऱ्या मजल्यावर चढून आल्या की त्यांना धाप लागते, छातीत धडधडतं. तपासणीत हिमोग्लोबिन ७.२ निघालं, पण घरच्या ऑक्सिमीटरवर ९८ येतं. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असताना असं का व्हावं? घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणू का? (सक्करदरा, नागपूर)

उत्तर : ऑक्सिमीटर टक्केवारी सांगतो, प्रमाण सांगत नाही. बर्डीवरून सुटणाऱ्या बस निम्म्या केल्या, तर उरलेल्या बस खच्चून भरतील. भरलेल्या सीटांची टक्केवारी शंभरच्या घरात जाईल, पण घरी पोचणारी माणसं निम्मीच. सासूबाईंचं नेमकं हेच झालं आहे : हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या बस. आहेत त्या भरलेल्या आहेत, पण बसच कमी आहेत.

हिशेबच करून पाहा. १ ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरतं. हिमोग्लोबिन १३, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १३ ग्रॅम असेल, तर तेवढ्या रक्तात ९८ टक्क्यांना सुमारे १७ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. ७.२ ला तो साडेनऊच राहतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर दर १०० मिलिलिटर रक्तातून साधारण ५ मिलिलिटर काढून घेतं. म्हणजे हिमोग्लोबिन १३ असलेल्याकडे १२ शिल्लक राहतात आणि सासूबाईंकडे जेमतेम साडेचार. बसल्या जागी तेवढ्यावर भागतं. जिना चढताना स्नायूंची मागणी वाढते आणि शिल्लक नसल्यामुळे तेच रक्त जास्त वेळा फिरवण्यावाचून हृदयाला गत्यंतर नसतं. धडधड होते ती त्यामुळे.

मशीनने यात फारसा फरक पडणार नाही. ९८ चे १०० झाले तरी पदरात पडतात ०.२ मिलिलिटर. नुसता विरघळून जाणारा ऑक्सिजन एरवी १०० मिलिलिटरमागे ०.३ मिलिलिटरच असतो. नळी लावून तो दुप्पट झाला तरी किती होणार? उलट हिमोग्लोबिन एका ग्रॅमने वाढलं की १.३ मिलिलिटर मिळतात. भाड्याचे पैसे तपासण्यांना लावा.

सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये तांबड्या पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही बघून घ्या. सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ करा. या वयात शौचातून न दिसणारं रक्त जातं का, ही तपासणी टाळू नका. बायकांना अशक्तपणा असायचाच, असं म्हणून घरोघरी हे राहून जातं आणि आतड्यातला आजार उशिरा कळतो. लोह कमी निघालं आणि डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देऊ नका. मध्ये दोन तास जाऊ द्या. तीन-चार आठवड्यांत निदान १ ग्रॅम वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर गोळी बदलत बसण्याआधी रक्त कुठे जातंय ते शोधायला हवं. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा पायांवर सूज आली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइडही हिमोग्लोबिनवर बसतो, असं पुस्तकात आहे. मग फुप्फुसात त्याने जागा सोडेपर्यंत ऑक्सिजनला थांबावं लागतं का? (बारावीचा विद्यार्थी, कामठी)

उत्तर : नाही, दोघांच्या जागाच वेगळ्या आहेत. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, प्रत्येकीत एक हीम आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. ऑक्सिजन या लोहावर बसतो. कार्बन डायऑक्साइड लोहाकडे फिरकत नाही. तो साखळीच्या टोकाच्या अमिनो गटाला चिकटतो.

शिवाय असा चिकटून जाणारा वाटा २० ते २५ टक्केच आहे. सुमारे ७ टक्के विरघळून जातो आणि ७० टक्के बायकार्बोनेट होऊन. हे बायकार्बोनेट तयार होतं तांबड्या पेशीत. तिथलं कार्बोनिक अॅनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचा संयोग क्षणात घडवून आणतं. बायकार्बोनेट पेशीबाहेर जातं, बदल्यात क्लोराइड आत येतं. मागे राहिलेले हायड्रोजन आयन हिमोग्लोबिन स्वतःवर घेतं, आणि खरी गंमत इथे आहे : ते घेतल्याने रेणूचा आकार बदलतो आणि लोहावरची ऑक्सिजनची पकड सैल होते. म्हणजे जो स्नायू जास्त राबतो, जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यालाच जास्त ऑक्सिजन मिळतो. हा बोर परिणाम. फुप्फुसात उलटं घडतं. ऑक्सिजन बसला की हायड्रोजन आयन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही सुटतात. तो हाल्डेन परिणाम. परीक्षेत या दोन नावांची हमखास अदलाबदल होते, तेवढं सांभाळा.

प्रश्न : थंडीत गॅस गिझर लावून अंघोळ करताना मुलीला चक्कर आली. ऑक्सिमीटरवर ९९ होतं, म्हणून आम्ही दवाखान्यात गेलो नाही. बरोबर केलं का? (महाल, नागपूर)

उत्तर : नाही. पुन्हा असं झालं तर त्या ९९ वर विसंबू नका. बंद न्हाणीघरात गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. हा मात्र थेट लोहावरच बसतो, आणि ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट. घरगुती ऑक्सिमीटर दोन रंगांच्या प्रकाशावर चालतो. त्याला मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं.

हे रक्तक्षयापेक्षा जास्त घातक आहे. हिमोग्लोबिन हळूहळू १४ वरून ७ वर आलेला माणूस धापा टाकत का होईना, चालतो. पण १४ पैकी निम्मं मोनॉक्साइडने अडवलं तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, कारण उरलेल्या लोहावरचा ऑक्सिजनही मग घट्ट धरला जातो, पेशींना सोडला जात नाही.

अशा वेळी आधी दार उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. दवाखान्यात ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा. त्यावरूनच कार्बोक्सिहिमोग्लोबिनची, म्हणजे मोनॉक्साइड बसलेल्या हिमोग्लोबिनची तपासणी करायचं सुचतं. साध्या हवेत रक्तातला मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. इथे ऑक्सिजन हेच औषध आहे. गिझर न्हाणीघराबाहेर बसवून घ्या. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर मिस्त्रीला बोलवेपर्यंत तो वापरू नका.

प्रश्न : मुलाचा सिकलसेलचा रिपोर्ट ‘एएस’ आला. उन्हाळ्यात त्याला मैदानावर पाठवू का? (हिंगणा)

उत्तर : पाठवा. एएस म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा वाहक; त्याला आजार नाही. मात्र पेशीतलं पाणी कमी झालं की सिकल हिमोग्लोबिन दाटतं, आणि ऑक्सिजन सोडल्यावर त्याचे रेणू एकमेकांना चिकटण्याचा धोका वाढतो. त्यामुळे मे महिन्यात सराव सकाळी लवकर, दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, आणि दमल्यावर जबरदस्तीच्या धावा नाहीत, हे प्रशिक्षकांना स्पष्ट सांगा. लघवीत रक्त दिसलं किंवा डाव्या बरगडीखाली जोराचं दुखलं तर लगेच दाखवा. आई-वडील दोघांनीही स्वतःची तपासणी करून घ्या. दोघेही एएस असाल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला ‘एसएस’, म्हणजे प्रत्यक्ष आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.