गाइडने पेटंट टाकलं, माझं नावच नाही, मग जर्मनीत वेगळं टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. या ताई पुण्यात पीएचडी करत होत्या. पेणकडच्या मिठागरातल्या पाण्यातून मिळालेल्या सूक्ष्मजीवाचं बॅक्टेरिओर्‍होडॉप्सिन, म्हणजे उजेडावर चालणारं जांभळं प्रोटीन, त्यांनी घेतलं, त्यातलं एक अमिनो अ‍ॅसिड बदललं आणि एका लिंकरने, म्हणजे जोडणाऱ्या रेणूने, टायटॅनियम डायऑक्साइडवर पातळ थर बसवून सोलर सेल केला. डिसेंबरात एका कॉन्फरन्सला पोस्टर लावलं, फेब्रुवारीत गाइडने कॉलेजच्या नावाने पेटंटचा अर्ज टाकला, त्यात इन्व्हेंटर म्हणून गाइड आणि डीन. एप्रिलमध्ये अर्ज प्रसिद्ध झाला तेव्हा ताईंना कळलं. जुलैत थीसिस शोधगंगावर, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या थीसिसच्या साइटवर चढला, आता ऑक्टोबरात जर्मनीला पोस्टडॉक, आणि तिथले प्रोफेसर म्हणतायत की आपल्याकडून नवीन अर्ज टाकू.

ताई, पहिलं म्हणजे तो नवीन अर्ज टाकू नका. तुमच्याच इन्व्हेन्शनचं वर्णन एप्रिलमध्ये जगासमोर आलंय, जुलैत थीसिस आलाय, त्यानंतर तीच गोष्ट युरोपात नवी म्हणून खपणार नाही, मग अर्ज कुणीही टाको. शिवाय तुम्ही अजून भारतातच राहताय, आणि आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 39 प्रमाणे इथे राहणाऱ्याने परवानगीशिवाय थेट बाहेर अर्ज टाकणं हा गुन्हा आहे. आधी भारतात अर्ज पडून सहा आठवडे उलटले असतील तर ती परवानगी लागत नाही, पण तो भारतातला अर्ज तुमचा नाही, कॉलेजचा आहे, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

आता तुमच्या कामाची एक गोष्ट. एरवी अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. तुमचा दोनच महिन्यांत झाला, म्हणजे कॉलेजने फॉर्म 9 भरून लवकर प्रसिद्धी मागितली असणार. हल्ली नॅक (कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) आणि रँकिंगच्या फायलीत आकडा दिसावा म्हणून हे सर्रास चालतं, पेटंट मिळो न मिळो, पब्लिश्ड लिहिता आलं की झालं. पण यामुळे तुम्हाला वेळेत कळलं. फेब्रुवारीच्या अर्जावरून, तीच तारीख धरून, परदेशासाठी पीसीटी अर्ज (एकाच अर्जातून अनेक देशांसाठी मागणी) टाकायला 12 महिने मिळतात, म्हणजे येत्या फेब्रुवारीपर्यंत. कॉलेजने ते केलं नाही तर परदेशातलं दार बंद.

नाव आणि मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो. कलम 28 खाली इन्व्हेंटर म्हणून नाव घाला असं मागता येतं, त्याला फॉर्म 8 आहे, पण ते पेटंट मंजूर व्हायच्या आत मागावं लागतं आणि त्याच कलमात लिहिलंय की नुसत्या नावाने पेटंटवर हक्क येत नाही. मालकी लेखी असाइनमेंटने, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करून देणाऱ्या कागदाने जाते. तुम्ही स्टुडंट होता, नोकरदार नव्हता, आणि आपल्या पेटंट कायद्यात विद्यार्थ्याचं इन्व्हेन्शन आपोआप कॉलेजचं होतं असं कलमच नाही. म्हणून अ‍ॅडमिशनच्या वेळी, फेलोशिपच्या वेळी काय काय सही केलंय ते सगळे कागद काढा. त्यात "हक्क देईन" असं आहे की "याद्वारे हक्क देत आहे" असं आहे ते बघा, एवढ्याशा फरकावर अमेरिकेत स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी रोश या औषध कंपनीविरुद्ध अडकली, 2011 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन हरली. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण तुमचा कागद वाचताना तीच नजर ठेवा.

तुम्ही काहीच सही केलेलं नसेल तर कॉलेजकडे तुमच्या हिश्श्याचा हक्कच आलेला नाही, आणि हे त्यांच्या वकिलाला एका पत्रात कळेल. त्याहून मोठं म्हणजे पोस्टर. अर्जाच्या दोन महिने आधी लागलेलं पोस्टर उद्या कुणीही, हे तर आधीच जाहीर झालं होतं म्हणून, विरोधात काढू शकतं. कलम 31 मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या पेपरला 12 महिन्यांची सूट आहे, ती मागायला फॉर्म 31 आहे, पण ती सूट खऱ्या इन्व्हेंटरला किंवा ज्याला त्याच्याकडून हक्क मिळालाय त्यालाच. पोस्टर तुमचं, तुम्ही अर्जात नाही, मग कॉलेज ही सूट मागणार कशाच्या जोरावर? पोस्टर म्हणजे वाचलेला पेपर का, यावरही भांडण होईल, पण ते भांडायला सुद्धा त्यांना तुमची गरज आहे.

म्हणून त्या पोस्टरचा फोटो आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बुक आजच शोधा. कोणतं अमिनो अ‍ॅसिड बदललं आणि लिंकर कोणता हे त्यावर लिहिलं होतं का, की नुसता करंटचा ग्राफ होता? नुसता ग्राफ असेल तर फेब्रुवारीच्या तारखेवरच्या पीसीटीने युरोपातही आशा आहे. सगळं लिहिलं असेल तर युरोप विसरा, तिथे स्वतःच्या पोस्टरला सूट नाही, अमेरिकेत मात्र स्वतःच्या प्रसिद्धीला एक वर्ष मिळतं.

मिळण्यासारखं काय आहे तेही सांगतो. हे प्रोटीन 1971 पासून माहीत आहे, निसर्गातलं जसंच्या तसं प्रोटीन कलम 3(c) मुळे पेटंट होत नाही, आणि ते टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवायचे प्रयोगही आधी छापून आलेत. तुमचं जे काही आहे ते त्या बदलात, लिंकरमध्ये आणि तयार सेलमध्ये आहे. मग हा बदल सुचला कुणाला? गाइडने सांगितलं आणि तुम्ही क्लोनिंग केलं असं असेल तर तुम्ही इन्व्हेंटर नाही, हे कडू आहे पण खरं आहे. तुम्हाला सुचलं असेल तर तारखेचा ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, नोटबुकचं पान काहीतरी असेलच.

आणखी एक. पेटंट ऑफिसच्या साइटवर इनपास या शोधायच्या सोयीत अर्जाचे कागद फुकट दिसतात, तिथे फॉर्म 1, म्हणजे मूळ अर्जाचा फॉर्म, उघडा. भारतातलं जैविक साहित्य वापरलंय आणि परवानगी मंजुरीआधी देऊ, अशी एक ओळ असते, बरेच जण ती बिनधास्त खोडतात. खोडली असेल तर घोळ आहे, कारण मिठागरातला सूक्ष्मजीव हाही जैविक साहित्यच, तो कुठून घेतला ते स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या सविस्तर वर्णनात, सांगावं लागतं, आणि भारतीय अर्जदाराला मंजुरीआधी चेन्नईच्या जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते.

विरोध म्हणजे प्री-ग्रँट ऑपोझिशन (पेटंट मंजूर व्हायच्या आधीची हरकत) करू का, असं तुम्ही विचारलंय. हक्क लाटला हा मुद्दा कलम 25 मध्ये आहे, पण मी तुमच्या जागी असतो तर आत्ता केला नसता. रागाच्या भरात पोस्टर पुढे करून अर्ज पाडलात तर तुमचंच इन्व्हेन्शन मेलं, बसल्या फांदीवर कुऱ्हाड. आधी रजिस्ट्रारला साधं पत्र, गाइडला कॉपी: नाव घाला, हिश्शाचं लेखी ठरवा, मग मी असाइनमेंट सही करते, पीसीटी फेब्रुवारीआधी. तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर फॉर्म 8.

जर्मन प्रोफेसरना एवढंच सांगा की जुनं काम कॉलेजच्या अर्जात आहे. तिकडे गेल्यावर जे नवीन सुचेल ते तिथल्या युनिव्हर्सिटीला लेखी कळवायचं असतं, कमाई झाली तर 30 टक्के इन्व्हेंटरला मिळतात, त्यात हे जुनं मिसळू नका. जायच्या आधी इथल्या एखाद्या पेटंट एजंटला फॉर्म 26 वर (तुमच्या वतीने काम करायचा अधिकार देणारा फॉर्म) सही करून द्या, आणि नोटबुकचे स्कॅन घ्या, मूळ वही लॅबमध्येच ठेवा, ती उचलून नेलीत तर तुमच्यावरच तक्रार यायची.