मंद गतीवरील चार्जिंग: आधी तपासा, मग बदला
इंजिन मंद गतीवर (आयडलिंगला) असताना बॅटरी नीट चार्ज होत नसेल, तर नवा आल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणारे यंत्र) घेण्याची घाई करू नका, कारण त्यावर छापलेला अँपिअरचा आकडा जास्त फेऱ्यांवरचा असतो, मंद गतीवरचा नाही. इंजिन मंद गतीवर ठेवून, हेडलाइट आणि एसी चालू करून, मल्टीमीटरने थेट बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. ते 13 च्या खाली घसरत असेल, तर आधी बेल्टचा ताण आणि अर्थिंग (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला आणि इंजिनाला जोडणारी जोडणी) पाहा. माझ्या गाडीत अर्थिंगच्या पट्टीच्या नटाखाली हिरवट गंज चढला होता. तो पॉलिश पेपरने घासताच निम्मा प्रश्न सुटला. एवढ्यावर भागले नाही, तरच आल्टरनेटरला लहान पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) लावा. 60 मिलिमीटरऐवजी 50 ची पुली आल्टरनेटरला 20 टक्के जास्त वेगाने फिरवते, पण महामार्गावरही तितकाच वेग वाढतो, म्हणून इंजिनाच्या कमाल फेऱ्यांना आल्टरनेटरची मर्यादा ओलांडली जाणार नाही, याचा हिशेब आधी करा.