काल मांडीवर झोपायची, आज मला बघून पळते

"मॅडम, परवापर्यंत माझ्या मांडीवर पसरून झोपायची आणि आता मी खोलीत आले तरी भिंतीवर धडकत पळते, आम्ही काहीच केलं नाही हो." नाव बदलतं, रंग बदलतो, पण गिनी पिग पाळणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं मला पाठ असतं. आणि त्याच्यामागोमाग ठरलेली दोन स्पष्टीकरणं येतात, एक म्हणजे कुणीतरी मारलं असणार, आणि दुसरं म्हणजे ती माझ्यावर रुसलीय. दोन्ही बहुतेक वेळा खोटी निघतात. पण रुसलीय हे ऐकायला जरा बरं वाटतं ना, निदान नातं तरी आहे असं वाटतं, म्हणून लोक तेच धरून बसतात.

मी प्राण्यांच्या वागण्यावर काम करते, औषधं देत नाही, त्यामुळे माझा पहिला प्रश्न कायम एकच, डॉक्टरांना दाखवलं का? कारण या प्राण्याचं दुखणं भीतीसारखंच दिसतं. गिनी पिगच्या शरीरात आपल्यासारखंच व्हिटॅमिन सी तयार होत नाही, ते रोजच्या खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं की सांधे दुखतात आणि मग उचलायला हात पुढे गेला की किंचाळणारच. लघवीच्या वाटेत खडा असेल, कातडीत खरजेचे किडे असतील, दाढा वाढून तोंडात टोचत असतील, सगळ्यात बाहेरून दिसतं ते एवढंच की अंग चोरतेय आणि जवळ येत नाही. आणि खाणं बंद झालं असेल तर मला मेसेज करत बसू नका, त्याच दिवशी छोट्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे जा, यांचं पोट सतत चालू राहावं लागतं, एक अख्खा दिवस उपाशी राहणं सुद्धा जिवावर बेतू शकतं.

तर एक ताई आल्या होत्या, घरात त्या, शाळेत जाणारा मुलगा आणि दोन माद्या, चिंगी आणि ठमी. (नावं बदलली आहेत, प्राण्यांची सुद्धा.) डॉक्टरांनी तपासून वजन, दात, सगळं ठीक म्हणून सांगितलं होतं आणि त्यांनीच माझ्याकडे पाठवलं होतं.

मी विचारलं, "चिंगी पळते तेव्हा ठमी काय करते?"

"ठमीला काही नाही हो, ती शांत बसलेली असते. प्रॉब्लेम फक्त चिंगीचा आहे."

हे उत्तर मला खटकलं. मी त्यांना सांगितलं की मोबाईल पिंजऱ्याच्या उंचीला ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि सगळेजण खोलीबाहेर जा. उंचीचं एवढ्यासाठी की वरून घेतलेल्या व्हिडिओत नुसती पाठ दिसते, तोंड दिसतच नाही.

तो व्हिडिओ आम्ही एकत्र बघितला. दोघी गवत खातायत, छान चालू आहे, आणि एकदम दोघी थांबल्या. ठमीच्या तोंडातून गवताची काडी अर्धी बाहेर लटकतेय, चावणं बंद, मान वर, डोळे मोठे, अंग एकदम कडक. ती काडी तशीच राहिली कितीतरी वेळ. व्हिडिओत आवाज काहीच नाही, खोलीत माणूस नाही. मग हळूहळू चावणं सुरू झालं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"ठमी पण घाबरलीय?" ताई म्हणाल्या.

हो, तेवढीच. पळणारी आपल्याला दिसते, थिजलेली दिसत नाही, तिला आपण शांत म्हणतो. शिकार होणारा प्राणी आहे हा, त्याच्याकडे दोनच उपाय, पळून लपायचं नाहीतर हलायचंच नाही.

दुसरी गोष्ट त्या स्वतःच म्हणाल्या, "पण मी तर तिथे नव्हतेच." आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत, कारण इतके दिवस त्यांनी स्वतःलाच दोष दिला होता. मी विचारलं, हे सुरू व्हायच्या आधी त्या खोलीत नवीन काय आलं? त्या आठवत बसल्या, पडदे नाहीत, फर्निचर नाही, आणि मागून मुलगा म्हणाला, "आई, ते उंदीर पळवायचं मशीन!"

प्लगमध्ये लावायचं, आपल्याला न ऐकू येणारा आवाज काढणारं. आपले कान जेमतेम 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतात, गिनी पिगचे साधारण 50 पर्यंत, आणि ही मशीनं मधल्याच पट्ट्यात ओरडत असतात. उंदरांना पळवायला आणलेलं यंत्र उंदरांच्या चुलतभावंडांशेजारी लावलं होतं, आणि त्या बिचाऱ्यांना पळायला पिंजऱ्याबाहेर जागा नाही. मला आवाज नसलेला व्हिडिओ बघूनच शंका आली होती, पण मी मुद्दाम बोलले नाही, घरच्यांना स्वतःला सापडलं की ते मनापासून पाळतात, हे माझं नेहमीचंच आहे.

मशीन काढलं. गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

काही दिवसांनी ताईंचा फोन, पिंजऱ्यात दोघी मजेत आहेत, पण मी हात घातला की चिंगी अजून पळते, म्हणजे मशीन हे कारण नव्हतंच ना? मी विचारलं, ती घाबरत होती त्या दिवसांत तुम्ही काय काय केलंत? तर ऐका, लपायचं घर काढून टाकलं होतं, सारखी आत बसते, माणसांची सवय कशी होणार म्हणून. दिवसातून कितीतरी वेळा उचलून छातीशी धरायच्या, धीर द्यायला. "आणि धरली की शांत व्हायची हो, अजिबात हलायची नाही."

ठमी पण हलत नव्हती, एवढंच मी म्हणाले. त्यांना लगेच कळलं.

माझ्या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, भीती सुरू कशामुळे झाली आणि चालू कशामुळे राहिली, ही दोन कारणं वेगळी असू शकतात. सुरू मशीनमुळे झाली. चालू राहिली मायेमुळे. वरून झडप घालून येणारा हात म्हणजे या प्राण्याला घारच, मग त्या हातामागे कितीही प्रेम असू दे. काहीजण सांगतात, शांत होईपर्यंत घट्ट धरून ठेवा, सवय होते. मला हे अजिबात पटत नाही, सवय होत नाही, प्राणी हार मानतो. ज्याला पळायची वाट उघडी असते त्याला पळायची गरज कमी वाटते, या एका गोष्टीवर माझं निम्मं काम चालतं.

म्हणून लपायची घरं परत आली, प्रत्येकीचं वेगळं आणि प्रत्येकाला दोन दारं, म्हणजे एक दुसरीला कोंडणार नाही. हात वरून नाही, बाजूने, जमिनीलगत, अगदी नाकासमोर पण नाही कारण तिथे यांना नीट दिसत नाही. हातात ढोबळी मिरचीचा तुकडा, हात नुसता आत ठेवायचा आणि परत काढायचा, पकडायचं नाही म्हणजे नाही. ताईंना हे फार जड गेलं, "नुसती बघत बसू का?" असं चिडून विचारलं पण त्यांनी. हो, बघत बसा. काही आठवड्यांनी चिंगीने पुढचे दोन पाय त्यांच्या तळव्यावर ठेवून मिरची खाल्ली, मांडीवर यायला त्याहून बराच वेळ लागला. ठमी अजून येत नाही, कदाचित तिला कधीच आवडत नसावं, आणि ते आता घरात सगळ्यांना चालतं.

प्रत्येक घरात मशीन सापडेल असं नाही. जोडीदार गेला, पिंजरा हलवला, घरात मांजर आलं, किंवा सगळा पिंजरा एकदम धुतला आणि ओळखीचा वास गेला, एवढं सुद्धा पुरतं. आणि एकेकजण तर मला आनंदाच्या उड्यांचे व्हिडिओ पाठवतात, हवेत उडून अंगाला झटका देते ती फिट आली म्हणून, पण उडी मारून पुन्हा नेहमीसारखी पळत खायला लागली तर तो निव्वळ आनंद, आडवी पडून हातपाय झाडत असेल तर मात्र तडक दवाखाना.

माझ्याकडे येणार असाल तर तीन गोष्टी घेऊन या, दर आठवड्याला काट्यावर केलेलं ग्रॅममधलं वजन, रिकाम्या खोलीतला पिंजऱ्याच्या उंचीचा व्हिडिओ, आणि हे सुरू व्हायच्या आधीच्या पंधरा दिवसांत घरात काय बदललं त्याची यादी. ती यादी मुलांना करायला सांगा, मोठ्यांना आठवत नाही.